घुर्र वाजला म्हणजे कॅमेरा सुरू झाला असं नाही

माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा मुंबईच्या चोर बाजारात सुपर ८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर फिल्मवर चलचित्र घेणारा, जुना कॅमेरा हाती लागला, की बहुतेक जण सेल घालतात, घोडा दाबतात आणि आतून घुर्र ऐकू आलं की खूश होतात. त्या आवाजाने कळतं ते एवढंच, की मोटर जिवंत आहे. फिल्म पुढे सरकते का आणि तिच्यावर हवा तेवढाच प्रकाश पडतो का, हे वेगळं तपासावं लागतं. फिल्मची कार्ट्रिज आणि ती फिल्म डेव्हलप करणं, म्हणजे धुलाई, दोन्ही महाग, त्यामुळे ही तपासणी फिल्म घालण्याआधीच व्हायला हवी.

कोडॅकने १९६५ साली आणलेल्या या पद्धतीत ५० फूट फिल्म प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बंद असते. फुटात ७२ चौकटी (फ्रेम), म्हणजे एकूण ३६००. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चालते, २४ च्या वेगाने अडीच मिनिटं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

सुरुवात सेलच्या कप्प्यापासून. विसरून राहिलेले अल्कलाइन सेल गळतात. त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरी भुकटी बनतं. हातमोजे घालून इअरबडवर पांढरं व्हिनेगर घ्या आणि सेलला टेकणाऱ्या पत्र्यावर टेकवा. बुडबुडे थांबेपर्यंत पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने व्हिनेगर काढून टाका. पत्रा खोडरबरने चकचकीत करा. एवढं करूनही मोटर गप्प असेल, तर पत्र्याला जोडलेली वायर बघा. क्षार आवरणाच्या आतून वर चढतात आणि तांबं काळं पडून तुटतं. अशी वायर बदलावीच लागते.

प्रकाशमापकाची भानगड मात्र जास्त खोल आहे. १९६७ च्या कॅनन ऑटो झूम ८१४ मध्ये मोटरसाठी चार पेन्सिल सेल लागतात आणि प्रकाशमापकासाठी दोन वेगळे बटण सेल. हे मूळचे ६२५ क्रमांकाचे पाऱ्याचे सेल. त्यांचा दाब १.३५ व्होल्ट आणि संपत येईपर्यंत तो जवळजवळ ढळत नसे, म्हणून त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत दाब स्थिर ठेवणारा भाग घातलेलाच नाही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे हे सेल बाजारातून गेले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने त्यांची विक्री बंद झाली. त्याच आकाराचे अल्कलाइन सेल आज मिळतात आणि चपखल बसतात, पण दोन नव्या सेलचा दाब २.७ ऐवजी ३.१ व्होल्टच्या आसपास जातो. कॅडमियम सल्फाइडच्या डोळ्यातून करंट सुमारे १५ टक्के जास्त वाहतो, कॅमेऱ्याला वाटतं ऊन जास्त आहे, तो भिंगाचं छिद्र लहान करतो आणि चित्र अंधारं येतं. शिवाय सेल उतरत जातो तशी चूकही बदलत राहते, त्यामुळे अंदाजाने भरपाई करता येत नाही.

उपाय औषधाच्या दुकानात आहे: कानाच्या मशीनचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल. त्याचा दाब १.४ व्होल्ट. व्यास मात्र ११.६ मिलिमीटर आणि जागा १५.६ ची, म्हणून भोवती रबरी कडी घालावी लागते. सेलवरची चिकटपट्टी काढल्यावर दोनेक मिनिटं हवा लागू द्या. हा सेल वापरला नाही तरी काही आठवड्यांत संपतो, म्हणून शूटिंगच्या दिवशीच उघडावा. कायमची सोय हवी असेल तर सिल्व्हर ऑक्साइडचा सेल आणि शॉटकी डायोड असलेला अडॅप्टर घ्या. डायोड दाब सुमारे ०.२ व्होल्टने उतरवतो.

मग प्रकाशमापक तपासायला कोडॅक्रोम ४० या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मची एखादी मुदत संपलेली कार्ट्रिज मिळवा. त्या फिल्मची रंगीत धुलाई कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस थांबवली, पण चाचणीला ती उत्तम. ती घालून, फिल्टरचं बटण सूर्याच्या चिन्हावर ठेवून, भर दुपारी उन्हातल्या भिंतीवर कॅमेरा धरा. भिंगाच्या छिद्राचा आकडा दाखवणारा काटा ११ च्या आसपास हवा (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). ५.६ वरच अडकला तर प्रकाशमापकावर विसंबू नका.

आता फिल्मची चाल. कार्ट्रिजच्या खिडकीत दिसणाऱ्या फिल्मवर मार्करने ठिपका काढा, कार्ट्रिज घाला, सेकंदभर घोडा दाबा आणि बाहेर काढा. १८ च्या वेगाने फिल्म साडेसात सेंटिमीटर सरकते, म्हणून ठिपका दिसेनासा व्हायला हवा. तो तिथेच असेल, तर फिल्म ओढणारी नखी भोकात बसत नाही किंवा गुंडाळणारी दांडी फिरत नाही. कार्ट्रिज काढून ती दांडी चालू असताना बोटांनी हलकेच धरा. दांडी थांबावी, मोटर चालू राहावी आणि सोडताच दांडी पुन्हा फिरावी. पकड ढिली असेल तर फिल्म आत साचून अडकते. वेगासाठी फूटमापकाचा काटा ० पासून ५० पर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोजा. हिशोब वर दिलाच आहे. कुठे अडखळलं म्हणून आत तेलाचा फवारा मारू नका. ते तेल शटरवर आणि छिद्राच्या पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात.

भिंग टॉर्चने तिरकं बघा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी सर्रास दिसते. थोडी असेल तर चित्र जरा फिकं येतं, एवढंच. पण काचेचा थर खाल्ला गेला असेल तर तो परत येत नाही. चौकटीच्या खिडकीतली धूळ लाकडी टूथपिकने काढा, धातूने कधीच नाही. तिथला एक केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो.

पहिल्या खऱ्या रोलसाठी ५०डी ही दिवसाच्या उजेडाची फिल्म घेतलीत, तर फिल्टरचं बटण बल्बच्या चिन्हावर ठेवा. हे उलटं वाटतं, पण सूर्याच्या चिन्हावर आतला नारिंगी फिल्टर भिंगामागे येतो आणि तो दिव्याच्या उजेडाच्या फिल्मसाठी आहे. दहा-दहा सेकंदांचे तुकडे घ्या: ऊन, सावली, पूर्ण झूम, आणि तिपाईवरून भिंतीवरची फुली. प्रत्येक वेळी काटा कुठे होता ते वहीत लिहा. विमानप्रवासात फिल्म असेल तर हाताने तपासायला सांगा, नवे सीटी स्कॅनर ती धुरकट करतात.

रोल संपल्यावर कार्ट्रिजची खिडकी बघा. फिल्मवर ‘एक्स्पोज्ड’ हा छापील शब्द दिसला, तर ५० च्या ५० फूट आत गेले आहेत.