ढकलगाडीच्या आधी आणि नंतर: महाराष्ट्रातल्या शाळांच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा लागू केली, तेव्हा बहुतेक घरांत एकच प्रतिक्रिया उमटली: बरं झालं, ढकलगाडी थांबली. परीक्षाच नाही, अभ्यास कशाला करायचा, नापास तर कुणालाच करत नाहीत, अशी तक्रार त्याआधीची तेरा वर्षं ऐकू येत होती. या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. नापास न करणं ही एक आणि परीक्षा न घेणं ही दुसरी. पहिली गोष्ट कायद्यात होती. दुसरी कधीच नव्हती. हा घोटाळा कसा झाला, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

पास-नापास ही मुंबई इलाख्यात इंग्रजी अमदानीची देणगी. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी. ही परीक्षा विद्यापीठाच्या दारावरची होती, आत कोणाला घ्यायचं ते ठरवणारी. पण हळूहळू खालच्या सगळ्या इयत्तांचं शिकवणं तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं. प्राथमिक शाळांत वेगळाच धाक होता. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांचं अनुदान निकालाशी बांधलेलं होतं: डिप्टीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, येणार, मुलांना उभं करून वाचायला लावणार, गणितं घालणार आणि जितकी मुलं उतरतील तितका पैसा शाळेच्या पदरात पडणार. मास्तरांनी वर्षभर काय शिकवावं हे मग आपोआपच ठरायचं. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये या पद्धतीची चर्चा झाली आणि पुढे व्हाइसरॉय कर्झनच्या काळात ती मागे पडली. आकडा मुलाबद्दल कमी आणि शाळेबद्दल जास्त बोलतो, ही सवय मात्र राहिली.

सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांनी दिली असेल, त्यांना तिचं वजन सांगायला नको. फायनल झालेला माणूस शिक्षक होऊ शके, तलाठी होऊ शके. म्हणजे सातवीचा निकाल पोटापाण्याचा निकाल होता. नापास होण्याची भीती आपल्याकडे इतकी खोल का रुजली, याचं उत्तर बरंचसं इथे सापडतं. मधल्या इयत्तांतही घटक चाचणी, सहामाही, वार्षिक आणि १ मे ला निकाल असा क्रम पक्का झाला. गुणपत्रकावर तांबड्या शाईची रेघ आली की वर्ष गेलं. अनेक मुलींचं त्या रेघेबरोबर शिक्षणच संपायचं. पुन्हा त्याच वर्गात बसवण्यापेक्षा घरकामाला लावणं घरच्यांना सोपं वाटायचं.

नापास करण्याचा खरा हिशोब हाच आहे. मागे ठेवलेलं मूल दुसऱ्या वर्षी जास्त शिकतं, असं आपण गृहीत धरतो. पण त्याला शिकवणारे तेच, पुस्तक तेच, पद्धत तीच. बदललेलं असतं ते एवढंच की आजूबाजूला आता लहान मुलं बसलेली असतात. केंद्राने शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात मूल्यमापन हे शिकवण्याचाच भाग मानावं, असं सांगितलं होतं. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाचा शब्द पुढे आणला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने परीक्षेच्या भीतीचा प्रश्न थेट घेतला. चाळीस वर्षं हा विचार कागदांवर साठत गेला. तो कायद्यात उतरला २००९ मध्ये.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याची तीन कलमं इथे महत्त्वाची. कलम १६: आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, शाळेतून काढायचं नाही. कलम ३०: आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा घ्यायची नाही. आणि कलम २९: मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता यांचं सर्वंकष, सातत्याने मूल्यमापन करायचं. पहिली दोन कलमं सगळ्यांना पाठ झाली. तिसरं शिक्षकांच्या नोंदवह्यांत अडकलं.

महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते कलम शाळांत आणलं. गुणांच्या जागी नऊ श्रेणी आल्या: ९१ ते १०० ला अ-१, तिथून खाली अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२, मग ३३ ते ४० ला ड, त्याखाली इ-१ आणि २० किंवा कमी असेल तर इ-२. मूल्यमापनाचे दोन भाग झाले, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे शिकताशिकता होणारं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे आठ तंत्रं. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं. पहिली-दुसरीला आकारिकचं वजन ७० टक्के, मग दर दोन इयत्तांनी ते दहा टक्क्यांनी कमी होत सातवी-आठवीला ४० टक्के. मूल मोठं होत जाईल तसा लेखी परीक्षेचा वाटा वाढत जाईल, अशी ही रचना होती. तिच्यात शहाणपण होतं, असं मला आजही वाटतं. पहिलीतल्या मुलाला तीन तास बसवून काय कळणार?

आणि त्याच निर्णयात एक अट होती, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. ज्या मुलाची श्रेणी ड च्या खाली आहे, त्याला पूरक मार्गदर्शन करून किमान ड पर्यंत आणायचं. म्हणजे मागे ठेवायचं नाही, पण तसंच पुढेही सोडायचं नाही. इ-१ ही अक्षरं शिक्षकाला उद्देशून होती: या मुलावर अजून काम बाकी आहे.

हे काम कधी करायचं आणि कुणी, याची सोय मात्र कुठे झाली नाही. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. दोनशिक्षकी शाळेत एकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग. तीस मुलं आणि सात विषय धरले तरी एका सत्रात २१० श्रेणी ठरवायच्या, त्याखेरीज प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. शालेय पोषण आहाराचा हिशोब, मतदार यादी, जनगणनेसारखी कामं वेगळी. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पुढे त्या मोबाइलवरून फिरू लागल्या. "कविता तालासुरात म्हणतो", "परिसरातील माहिती सांगतो" अशी वाक्यं एका वर्गातल्या वीस प्रगतिपत्रकांवर सारखीच दिसायची. शिक्षकांना यासाठी दोष देणं मला पटत नाही. निरीक्षणाला वेळ न देता निरीक्षणाची नोंद मागितली, की नोंद तेवढी मिळते.

पालकांच्या बाजूनेही गोंधळ होता. शंभरपैकी ७२ गुण म्हणजे काय, हे त्यांना कळायचं. ब-१ म्हणजे चांगलं की बेताचं, हे कुणी समजावून सांगितलं नाही. दरम्यान 'प्रथम' संस्थेचा मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारा असर अहवाल वारंवार दाखवत होता की ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येतो. ढकलगाडीवरचा राग या आकड्यांनी वाढला. वास्तविक हा आकडा कलम २९ पाळलं गेलं नाही याचा पुरावा होता, पण खापर कलम १६ वर फुटलं.

महाराष्ट्राने मधल्या काळात एक प्रामाणिक प्रयत्न केला. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या, मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधण्यासाठी. काही जिल्हा परिषद शाळांनी त्यातून खरोखर वेग घेतला. पण शाळा 'प्रगत' जाहीर करण्याची घाई सुरू झाली आणि डिप्टीसाहेबांच्या काळातली ती जुनी सवय परत वर आली.

दहावीची गोष्ट निराळी. तिथे श्रेणीपेक्षा गुणांची चढाओढ आणि अकरावीचा प्रवेश यांनीच धोरण हाकलं. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरण्याचं सूत्र, उच्च न्यायालयात अडलं आणि सर्वोच्च न्यायालयात टिकलं. शाळांकडचे २० अंतर्गत गुण सढळ हाताने दिले जातात म्हणून ते काढले, तर २०१९ चा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. राज्य मंडळाची मुलं प्रवेशात मागे पडतील अशी ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरातले ३० आणि अंतर्गत २० असे गुण जोडून ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण ठरली. तीन वर्षांत मुलं इतकी बदलली नव्हती, हे कुणालाही दिसेल.

केंद्राने २०१९ मध्ये शिक्षणहक्क कायदा दुरुस्त केला. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यावी, नापास झालेल्याला दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही ते राज्याने ठरवावं. महाराष्ट्राने मागे ठेवायचं ठरवलं. पाचवीला विषयामागे ५० गुण, आठवीला ६०, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. पहिली परीक्षा २०२४ च्या उन्हाळ्यात झाली. आठवीपर्यंतच्या बाकीच्या इयत्तांना श्रेणीच आहेत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक आता त्यांच्यावर येऊन बसत आहे, ज्यात मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

पाचवीत नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेआधी पूरक मार्गदर्शन मिळालं पाहिजे, हे नव्या व्यवस्थेतही लिहिलेलं आहे. निकाल १ मे च्या सुमारास लागतो. त्यानंतर जूनपर्यंत शाळा बंद. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालन्याकडच्या ऊसतोड कुटुंबांतली जी मुलं आईबापांबरोबर जातात, ती दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काहींना हंगामी वसतिगृहामुळे गावात राहता येतं, सगळ्यांना नाही. परतलेल्या मुलापुढे वार्षिक परीक्षेचा कागद येतो, ज्या पुस्तकाचा निम्मा भाग त्याने वर्गात ऐकलेलाच नसतो. २०१० मध्ये त्याच्या प्रगतिपत्रकावर इ-२ लिहिलं असतं आणि ते सहावीत गेलं असतं. आता ते पाचवीतच राहील. दोन्ही वेळेला मे महिन्यात त्याच्याजवळ बसून त्याला भागाकार शिकवणारं माणूस नेमलेलं नाही.