चित्राविना चित्रप्रदर्शनाचं निमंत्रण

1950 च्या दशकातली युरोपातल्या कलादालनांची निमंत्रणपत्रं पाहिली की एक गोष्ट चटकन जाणवते: प्रदर्शन चित्रांचं, पण कार्डावर बहुतेकदा चित्रच नाही. चित्रकाराचं नाव, तारखा, पत्ता, उद्घाटनाची वेळ, आणि बाकी कोरा कागद. हा साधेपणा निव्वळ आवडीतून आलेला नाही. त्याचं मूळ छापखान्यात आहे.

लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून कागदावर दाबणाऱ्या छपाईत, चित्र छापायचं तर त्याचा हाफटोन ब्लॉक, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांत उतरवलेला धातूचा ठसा, वेगळा करून घ्यावा लागे. खडबडीत कागदावर त्याचे बारीक ठिपके भरून येत, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर हवा. चित्र रंगीत असेल तर चार ब्लॉक, आणि तोच कागद चार वेळा यंत्राखाली. प्रदर्शन संपलं की निरुपयोगी होणाऱ्या कार्डावर एवढा खर्च कोण करणार? खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, मात्र केसमध्ये, त्यांच्या खणांच्या पेटीत, तयारच असत. चित्राचं काम अक्षरांच्या अंगावर पडलं ते असं.

अक्षरांनी ते पेललं, कारण त्यांची तयारी आधीच झाली होती. मजकूर मधोमध रचायचा आणि वळणदार अक्षरांनी सजवायचा ही जुनी रीत जर्मन अक्षररचनाकार यान चिखोल्ड यांनी 1925 साली एका जर्मन मुद्रण-मासिकाच्या विशेषांकात मोडीत काढली. साधी, बिनसेरिफ (टोकांना आडव्या रेघा नसलेली) अक्षरं, एका बाजूला झुकलेली रचना आणि कोऱ्या जागेचा जाणीवपूर्वक वापर असा त्यांचा आग्रह होता. कागदाची ए मालिका जर्मनीत 1922 मध्येच ठरली होती. त्यातला ए6, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटर, टपालाच्या कार्डाला नेमका बसे. 1933 मध्ये नाझींनी अटक केल्यावर चिखोल्ड स्वित्झर्लंडला गेले. बाझलच्या कुन्स्टहाले या कलादालनातल्या 1937 च्या रचनावादी (भौमितिक आकारांतून रचना करणाऱ्या) कलावंतांच्या प्रदर्शनाचं त्यांचं पोस्टर पाहा: एक वर्तुळ, एक रेघ आणि लहान टायपात कलावंतांची नावं. एवढ्या मोठ्या कागदावर इतकी शांतता ठेवायला धीर लागतो.

कोऱ्या जागेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. खिळेजुळणीत रिकामी जागाही धातूची किंवा लाकडाची असते. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या, शब्दांमध्ये कोरे खिळे, बाजूला मोठे ठोकळे. सगळे अक्षरांपेक्षा बुटके, म्हणजे शाई लागत नाही. कार्डाचा तीन चतुर्थांश भाग मोकळा दिसतो तो जुळाऱ्यानं हातानं, मापून भरलेला असतो. अशा कार्डावरचा समास इतका ठाम का वाटतो, याचं उत्तर मला तरी यातच सापडतं.

या सगळ्यात माझं मन सर्वाधिक रमतं ते डच मांडणीकार विलेम सांडबर्ग यांच्या कामात. दुसऱ्या महायुद्धात ते ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात होते. मार्च 1943 मध्ये त्या शहरातल्या लोकसंख्या नोंदणी कचेरीवर नाझीविरोधी प्रतिकार गटानं हल्ला केला. त्या कटात सांडबर्ग सामील होते. अनेक साथीदारांना गोळ्या घातल्या गेल्या, सांडबर्ग खोट्या नावानं लपून राहिले. त्या अज्ञातवासात त्यांनी हातानं छोट्या पुस्तिका केल्या: मिळेल तो कागद, चिकटवलेले तुकडे, फाडून केलेली अक्षरं. 1945 मध्ये ते स्टेडेलिकचे संचालक झाले आणि 1962 पर्यंत संग्रहालयाच्या छपाईत तीच भाषा बोलत राहिली. जाड तपकिरी वेष्टनाचा कागद, फाटक्या कडांचे आकार, ठसठशीत लाल आणि सगळी अक्षरं रोमन लिपीतली लहान, कॅपिटल कुठेच नाही. कात्रीनं कापलेली कड त्यांना थंड वाटे, फाडलेली उबदार. टंचाईत शिकलेली गोष्ट त्यांनी सुबत्तेतही सोडली नाही, आणि संचालकच मांडणीकार असल्यानं अडवणारं कुणी नव्हतं.

स्वित्झर्लंडमध्ये याच काळात वळण वेगळं होतं. एमिल रूडर आणि आर्मिन होफमान बाझलच्या कलाशाळेत शिकवत होते, ग्रिडची, म्हणजे पान अदृश्य चौकटींत विभागून मजकूर बसवण्याची, शिस्त रुजत होती. 1957 मध्ये युनिव्हर्स हा टाइप आणि पुढे हेल्व्हेटिका म्हणून गाजलेला टाइप, असे दोन बिनसेरिफ टाइप बाजारात आले.

काही कलावंतांनी तर प्रदर्शनाच्या छापील कागदालाच कलाकृती केलं. मार्सेल द्यूशाँ यांनी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीतल्या डाडा या बंडखोर कलाचळवळीच्या प्रदर्शनाचं पोस्टरवजा कॅटलॉग पातळ कागदावर छापून त्याचे चुरगळलेले गोळे केले; वाचायचं तर आधी उलगडायचं. 1958 मध्ये पॅरिसला इव्ह क्लाइन यांनी रिकाम्या दालनाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा निमंत्रणाच्या पाकिटावर स्वतःच्या निळ्या रंगाचं तिकीट लावलं. आत भिंती पांढऱ्या. त्यांची ओळख असलेला निळा आधी पाहुण्यांच्या घरी पोहोचला होता.

1960 च्या दशकात ऑफसेट (सपाट प्लेटवरून छपाई) आणि फोटोटाइपसेटिंग (खिळ्यांऐवजी फोटोवर अक्षरजुळणी) पसरलं. ब्लॉकचा खर्च गेला, रंगीत चित्र सहज छापता येऊ लागलं. हळूहळू चित्र कार्डाच्या पुढच्या बाजूला आलं. नाव, तारीख आणि पत्ता मागच्या बाजूला, बारीक टायपात गेले.