खरेदीदार तासाभरात येणार असतील तेव्हा
बडोद्यात घर विक्रीस काढलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण आपले घर विक्रीसाठी आमच्याकडे सोपवले आहे; तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी "पार्टी अकोट्यापर्यंत आली आहे, तासाभरात घर दाखवता येईल का?" असा आमचा फोन येणार, हे गृहीत धरावे. सावली-हालोलच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांना रविवारशिवाय सवड नसते, परदेशातून आलेल्या कुटुंबाला मोजक्या दिवसांत बरीच घरे पाहायची असतात, आणि कमुरते (संक्रांतीपूर्वीचा शुभ व्यवहार टाळण्याचा महिना) संपून उत्तरायण झाले की थांबून राहिलेले व्यवहार एकदम हलू लागतात.

अशा वेळी सगळे घर आवरायला घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्धवट आवरलेले घर पसाऱ्याहून वाईट दिसते आणि दार उघडणारी माणसे दमलेली असतात.

सर्वांत आधी वासाकडे लक्ष द्यावे, कारण घरच्यांना तो जाणवत नाही आणि येणाऱ्याला उंबऱ्यातच जाणवतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे लावावेत, ओल्या कचऱ्याचा डबा रिकामा करावा आणि तळणीचा किंवा मासळीचा बेत तासभर पुढे ढकलावा. फारसे न वापरलेले न्हाणीघर असेल, तर त्याच्या जाळीत बादलीभर पाणी ओतावे. जाळीखालच्या वळणात साठून राहणारे पाणी आटले की गटाराचा वास थेट खोलीत येतो, आणि खरेदीदाराला वाटते की नळकामच बिघडले आहे. सुगंधी फवारा मात्र टाळावा. अनुभवी खरेदीदार त्या वासावरून ओल शोधू लागतो.

त्यानंतर पडदे बाजूला सारून दिवसासुद्धा सर्व दिवे लावावेत. बंद पडलेला दिवा आधीच बदलून ठेवलेला बरा. नळावरचे क्षारांचे पांढरे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतात, पण ते कोटा फरशीवर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नये, कारण हे दोन्ही दगड आम्लाने कायमचे डागाळतात. स्वयंपाकाचा ओटा मोकळा करावा, भांडी घासायला वेळ नसेल तर ती मोरीत एका टबात झाकून ठेवावीत. उरलेला पसारा भिंतीतल्या कपाटांत कोंबू नये. ती कपाटे घराबरोबर जाणार असल्याने खरेदीदार ती उघडून पाहतातच. पिशव्या भरून गाडीच्या डिकीत ठेवणे सर्वांत सोपे. दागिने, रोकड, औषधे आणि बँकेची कागदपत्रे मात्र कुलपातच असावीत. आमचा माणूस सोबत असला तरी प्रत्येक खोलीत प्रत्येकावर लक्ष राहत नाही.

ओलीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. विश्वामित्रीचे पाणी २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात शिरले, त्यामुळे नदीपासून दूरच्या सोसायटीतही "इथे पाणी आले होते का?" हा प्रश्न आता हमखास येतो. आले असेल तर ते कुठवर आले, किती वेळ राहिले आणि त्यानंतर वायरिंग, फर्निचर, प्लास्टर यांचे काय केले, हे सरळ सांगावे. पाण्याच्या खुणेसमोर कपाट सरकवून ठेवणे किंवा ओल्या भिंतीवर घाईने रंग मारणे आम्हाला मान्य नाही: ओल आत राहिली की रंग काही दिवसांतच फुगतो, आणि शेजारी तर सगळे सांगतातच. बानाखत (विक्रीचा लेखी करार) झाल्यावर अशी गोष्ट उघडकीस आली, तर तो वाद भाव कमी करण्याहून महाग पडतो.

कागदपत्रांची एक फाइल कायम तयार असावी. दस्तावेजाची (खरेदीखताची) व इंडेक्स-२ ची (नोंदणी कार्यालयातील उताऱ्याची) प्रत, भरलेले वेराबिल (घरपट्टी), शेवटचे वीजबिल, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि बी.यू. परवानगी (इमारत वापरण्याची परवानगी) यांच्या केवळ झेरॉक्स तीत ठेवाव्यात. मूळ कागद दाखवण्याची वेळ पुढे येईल, ती पहिल्या भेटीत नव्हे. आपल्या भागाला अशांत धारा (ठरावीक भागांतील मालमत्ता-विक्रीवर निर्बंध घालणारा गुजरातचा कायदा) लागू असेल, तर विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ही बाब आम्हीच खरेदीदाराला समजावून सांगू.

पाहणीच्या वेळी घरातील एक-दोन माणसेच थांबावीत आणि टीव्ही बंद असावा. महापालिकेचे पाणी किती वाजता येते, वरच्या मजल्यावर दाब कसा असतो, दुपारचे ऊन कोणत्या खोलीत येते, यांची उत्तरे आपणच उत्तम देऊ शकता. किमतीची बोलणी मात्र दारात करू नयेत. कौतुक ऐकून सुखावलेल्या यजमानांनी चहाबरोबर काही हजारांची सूट देऊन टाकल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यानंतर बोलणी त्या आकड्याखालूनच सुरू होतात.

घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, मुलांच्या परीक्षा असतील, दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ असेल, तर तसे आम्हाला आधीच कळवावे, म्हणजे त्या वेळेत आम्ही फोनच करणार नाही. ऐन वेळी अडचण आली तर निःसंकोच "आज नको" म्हणावे. त्या खरेदीदाराला दुसरी वेळ देण्याचे काम आमचे आहे.