बंगल्याभोवतीची हिरवळ फसवी असते

घराभोवती बाग, दोन घरांत ऐसपैस अंतर, म्हणजे निसर्गाला कमी त्रास, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. दिसायला खरं वाटतं. हिशेब मात्र उलटा निघतो.

1990 च्या सुमाराची दोन शहरं घ्या. बार्सिलोनात सुमारे 28 लाख माणसं 162 चौरस किलोमीटर वस्तीत राहत होती. अमेरिकेतल्या अटलांटात माणसं 25 लाख, आणि व्याप 4,280 चौरस किलोमीटर! त्यात गेलेली रानं अंगणातल्या लॉननं भरून येत नाहीत. शिवाय प्रत्येक दारापर्यंत रस्ता, नळ, वीज लांबवर ओढायची. वाणसामानालाही गाडी काढायची. बस सुरू केली तरी थांब्यापर्यंत चालत येण्याइतकी माणसं जवळपास नसतातच. ती रिकामी धावते.

दाट म्हणजे टॉवर, हाही गैरसमजच. बार्सिलोनाचा मध्यभाग बराचसा सहा-सात मजली, एकमेकींना चिकटलेल्या इमारतींचा आहे. गिरगावच्या चाळी तरी कुठे वीस मजली होत्या? आवाज, उकाडा, शेजारच्या फोडणीचा ठसका, हे दाटीतले त्रास मात्र खरे आहेत. तिथे राहिलेला माणूस ते नाकारणार नाही.