पार्श्वभूमी: ब्रिटिश हेवी मेटलच्या जुन्या रेकॉर्ड्स दुर्मीळ का झाल्या

कव्हर कोरं पांढरं. त्यावर बँडचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही, चित्र नाही. बँडमधल्या चौघांपैकी एकाची सही तेवढी. बर्मिंगहॅमजवळच्या स्टाउरब्रिजमधल्या 'डायमंड हेड' या बँडने १९८० साली आपला पहिला अल्बम असा विकायला काढला. प्रती काढल्या हजार. 'साउंड्स' या संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली आणि साडेतीन पौंड पाठवणाऱ्याला टपालाने रेकॉर्ड धाडली. बँडचा कारभार बघणाऱ्यांत गायक शॉन हॅरिसची आईसुद्धा होती, यावरून एकूण थाटाची कल्पना यावी. एखाद्या मोठ्या कंपनीची नजर आपल्याकडे वळावी, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता.

ब्रिटिश हेवी मेटलच्या, म्हणजे जड, दणदणीत गिटारींच्या रॉक संगीताच्या, जुन्या रेकॉर्ड्स जमवणारे लोक आज ज्यांच्यामागे धावतात, त्यांतल्या बऱ्याच अशाच घरगुती उठाठेवीतून निघालेल्या आहेत. त्या जपून ठेवण्यासाठी कुणी काढल्याच नव्हत्या. पैसे कमी म्हणून प्रती कमी, आणि कंपनीचा करार झाला की त्यांचं काम संपलं.

सुरुवात मात्र अशी नव्हती. या संगीताची पहिली पिढी मोठ्या कंपन्यांच्याच दारातून आली. 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला. सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो नेमका हाच हात. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी अप्रतिम गिटार वाजवणारा हा कलाकार ऐकून आयोमीला उभारी आली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी अंगुस्तानं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे १९७१च्या सुमारास तारांचा सूरही खाली उतरवला. कारखान्यांच्या खडखडाटातून हेवी मेटल जन्मलं, हे वाक्य फार वेळा वाचायला मिळतं आणि ते मला जरा सोयीचं वाटतं. कारखान्याने आयोमीची बोटं नेली आणि त्यामुळे त्याचा नाद बदलला, एवढं मात्र खरं.

त्याच्या 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. फिलिप्सच्या 'व्हर्टिगो' या लेबलवर, म्हणजे कंपनीच्या छापाखाली, तो निघाला. त्याच्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर (यालाही लेबलच म्हणतात) काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचं भोवऱ्यासारखं चित्र आहे. रेकॉर्ड फिरू लागली की बघणाऱ्याला गरगरतं. १९७३ साली ते चित्र बदलून अंतराळयानाचं आलं. त्यामुळे संग्राहक आधी लेबल बघतो. भोवरा असेल तर रेकॉर्ड जुनी, यान असेल तर नंतरची. गाणी तीच, किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर.

सत्तरीच्या मध्यावर कंपन्यांचा या संगीतातला रस आटला. पंक हे रांगडं, साधंसोपं रॉक आलं आणि वृत्तपत्रांनी लांब केसवाल्यांना कालबाह्य ठरवून टाकलं. गंमत अशी की मेटलवाल्या पोरांना पंक आवडत नसलं, तरी त्यांनी पंककडूनच एक युक्ती उचलली. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'ने जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन स्वतःची चार गाण्यांची रेकॉर्ड काढून दाखवली होती. कंपनी नको, स्टुडिओचे दोन-चार दिवस विकत घ्या, छोट्या ऑर्डरी घेणाऱ्या कारखान्याला पैसे द्या, खोके घरी आणा.

शेफिल्डच्या 'डेफ लेपर्ड'ने नोव्हेंबर १९७८ मध्ये हल इथल्या स्टुडिओत तीन गाणी मुद्रित केली आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या लेबलवर हजार प्रती काढल्या. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील यांनी ती रेकॉर्ड वाजवली आणि त्याच वर्षी कंपनीचा करार हातात आला. त्याच सुमारास वायव्य लंडनच्या किंग्जबरी भागातल्या एका पबमध्ये नील के नावाचा डीजे फक्त हेवी मेटल लावत असे. 'साउंडहाउस' हे त्या जागेचं नाव. प्रत्यक्ष बँड नसला तरी पोरं हार्डबोर्डच्या गिटारी घेऊन तिथे नाचायची. श्रोत्यांच्या फर्माइशींवरून के जी क्रमवारी लावायचा, ती 'साउंड्स'मध्ये छापून यायची. ८ मे १९७९ रोजी कॅम्डेनच्या 'म्युझिक मशीन'मध्ये 'एंजल विच', 'आयर्न मेडन' आणि 'सॅमसन' हे तीन बँड वाजले. त्यावर पत्रकार जेफ बार्टनने 'साउंड्स'मध्ये लेख लिहिला आणि संपादक ॲलन लुईस यांनी या सगळ्याला 'ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट' असं नाव दिलं. बँड एकमेकांसारखे मुळीच वाजत नव्हते. साप्ताहिकाने एक झेंडा पुरवला आणि सगळे त्याखाली उभे राहिले.

'मेडन'ची गोष्ट जमवणाऱ्यांना तोंडपाठ असते. १९७८च्या डिसेंबरअखेर त्यांनी केंब्रिजच्या स्टुडिओत चार गाणी मुद्रित केली. मूळ टेप विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते; ते जमवून परत गेले, तोवर स्टुडिओने टेप पुसून टाकली होती. चारपैकी तीन गाणी नोव्हेंबर १९७९ मध्ये 'द साउंडहाउस टेप्स' या सात इंची रेकॉर्डवर आली, प्रती पाच हजार, फक्त टपालाने. त्या भराभर संपल्या. नंतर मोठ्या लेबलवर येऊनही बँडने तशीच आणखी छपाई केली नाही. साहजिकच बाजारात नकली प्रतींचा सुळसुळाट झाला. (टपालाने रेकॉर्ड विकणाऱ्या याच बँडने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपला जगदौरा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, आणि त्यांचं विमान चालवणारा वैमानिक खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन होता.)

उत्तरेला न्यूकॅसलजवळ वॉल्सएंडमध्ये डेव्हिड वुड यांचा 'इम्पल्स' स्टुडिओ होता. त्याला जोडून त्यांनी 'नीट' हे लेबल काढलं. 'टायगर्स ऑफ पॅन टँग' या बँडचं पहिलं सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, इथलं. ते इतकं खपलं की मोठ्या कंपनीने बँडच उचलला. 'रेव्हन' इथलेच. 'व्हेनम'चा गायक तर या स्टुडिओत नोकरीलाच होता. त्यांचा १९८१चा पहिला अल्बम तीन दिवसांत उरकलेला आणि तसाच ऐकू येतो: धूसर, कर्कश, तोल सुटलेला. त्यांच्या १९८२च्या दुसऱ्या अल्बमच्या नावावरून 'ब्लॅक मेटल' ही अख्खी शाखा ओळखली जाऊ लागली. स्वच्छ ध्वनी हवा असणाऱ्याने नीटच्या वाटेला जाऊ नये. मला मात्र त्यातली घाईच आवडते.

लाट फार टिकली नाही. 'डेफ लेपर्ड' १९८३ मध्ये अमेरिकेत गाजून तिथलाच होऊन गेला, अनेकांनी आवाज मवाळ करून बघितला, बाकीचे कामाधंद्याला लागले. या रेकॉर्ड्स जुन्या मालाच्या खोक्यांत गेल्या, आणि तिथून त्यांना वर काढलं ते संग्राहकांनी. त्यांतला सर्वांत प्रभावी संग्राहक लार्स उलरिक हा डॅनिश मुलगा. लॉस एंजेलिसजवळ राहणारा लार्स १९८१च्या उन्हाळ्यात निव्वळ 'डायमंड हेड' ऐकायला लंडनला गेला आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकून राहिला. परतल्यावर त्याने 'मेटॅलिका' ही बँड उभी केली. तिच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत 'डायमंड हेड'ची गाणी असायची. १९८४ साली त्यांतलं 'ॲम आय इव्हिल?' तिच्या रेकॉर्डवरही आलं, सोबत 'ब्लिट्झक्रीग' या लाटेतल्याच बँडचं गाणं. पुढे एडिनबराच्या 'होलोकॉस्ट' बँडचाही नंबर लागला. अमेरिकेतली पोरं मूळ रेकॉर्ड शोधू लागली आणि हजार प्रतींचं गणित उघडं पडलं. 'डायमंड हेड'च्या त्या अल्बमची मूळ टेप एका जर्मन कंपनीकडे गेली होती ती परत आलीच नव्हती. १९९० मध्ये लार्स आणि जेफ बार्टन यांनी या लाटेतल्या गाण्यांचा संच काढला, तेव्हा तिचा माग लागला.

अस्सल प्रत ओळखायची कशी? शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर कोरलेली अक्षरं वाचायची. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना हे नवं नाही. आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून पूर्वी एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी ग्रामोफोन कंपनी आणि मिडलसेक्समधल्या हेजचा कारखाना, ही एकाच घराण्यातली. हेजच्या रेकॉर्डवर लेबलच्या डावीकडे एक आकडा आणि उजवीकडे साच्याचं सांकेतिक अक्षर असतं. कंपनीच्या नावातल्या दहा इंग्रजी अक्षरांना आकडे दिलेले: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३. साचा झिजला की नवा घेत, म्हणून लहान आकडा म्हणजे आधीची प्रत. 'डीप पर्पल' बँडचा १९७०चा 'इन रॉक' हा अल्बम घेताना लोक भिंग घेऊन हेच बघतात. छोट्या लेबलांना असली शिस्त नव्हती. तिथे कागदाचा पोत, छपाईचा रंग आणि विकणाऱ्याची पत यांवर भिस्त.

ज्यांना नुसतं ऐकायचं आहे त्यांना एवढं भिंग लावायची गरज नाही. 'जूडास प्रीस्ट'चा 'ब्रिटिश स्टील', बार्न्सलीच्या 'सॅक्सन'चा 'व्हील्स ऑफ स्टील', दोन्ही १९८०चे. आणि 'मोटरहेड'चा १९८१चा थेट कार्यक्रमातला 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ', जो ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. हे तिन्ही इतके खपले की त्यांच्या ब्रिटिश पहिल्या प्रती हजारवाल्या सिंगल्सच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात. आणि गाणी म्हणून बघितलं, तर लाखमोलाच्या बऱ्याच सिंगल्सपेक्षा ती सरस आहेत.