हेल्मेट आलं, हुक कुठं लावायचा?

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या खिडकीसमोर टॉवर चढतोय. परांचीवरच्या पोराच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला बेल्ट, पण बेल्टचा हुक नुसता लोंबतोय, कारण अडकवायला दोरच बांधलेला नाही. असं का, तर थोडं मागे जावं लागतं.

१९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट गेट, भोंगा आणि हजेरीपट असलेल्या कारखान्यासाठी होता. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला त्याचा आधार मिळाला, पण तिथली शेड बांधणारा बिगारी त्यात बसत नव्हता, स्लॅब ओतून झाला की साईट संपली आणि हा दुसऱ्या दिवशी परत नाक्यावर. १९७० मध्ये सिडको आली, खाडीपलीकडे नवी मुंबईचं अख्खं शहर उभं राहिलं, तरी बांधकाम मजुराच्या सुरक्षेचा वेगळा केंद्रीय कायदा नव्हताच. संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला तेव्हा १९९६ मध्ये झाला. परांची, लिफ्ट, क्रेन, खोदकाम सगळ्याचे नियम करायची सोय, ५०० मजूर असतील तर सेफ्टी ऑफिसर, आणि जोडीला दुसरा कायदा, बांधकाम खर्चावर १ टक्का सेस, म्हणजे मजुरांच्या कल्याणासाठीचा कर. महाराष्ट्राचे नियम आले २००७ मध्ये, ११ वर्षांनी, आणि हा पैसा मजुरांवर खर्च करणारं कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये.

माझ्या मते गाडी घसरली ती इथेच. सेस गोळा करणं सोपं, पंधराव्या मजल्यावर चढून परांचीची गाठ ओढून बघणं अवघड. पैसाही नीट वापरला गेला असं नाही, वॉशिंग मशीन आणि लॅपटॉपवर खर्च झाल्याचं सुप्रीम कोर्टासमोर आलं, २०१८ मध्ये कोर्टाने चांगलंच झापलं. आपल्याकडे नाक्यावर विचारा, कायदा कुणाला माहीत नसतो, पण मंडळाची पेटी आणि भांडी कधी मिळणार हे सगळ्यांना पाठ (भांडी वाईट नाहीत हो, पण भांड्यांना हुक लागत नाही).

दरम्यान ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. वर काम चालू आणि खाली लोक राहायला आलेले, त्यात बांधणारे मजूर आणि त्यांची बायकापोरंही. बेकायदा बांधकाम कागदावरच नसतं तर सेफ्टी कोण तपासणार. मग २०२३, १ ऑगस्टच्या मध्यरात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर उचलून बसवणारं यंत्र) पडला, २० गेले, आणि सव्वा महिन्यात बाळकुमला ४० मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून खाली येणाऱ्यांची लिफ्ट तुटली, ७ गेले.

१९९६ चा कायदा आता २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत विलीन झालाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, सेफ्टी ऑफिसरची अट ५०० वरून २५० मजुरांवर आली. समोरच्या मुकादमाला विचारलं तर म्हणाला, माझ्याकडे बावीसच माणसं हायत साहेब, बाकीची दुसऱ्या ठेकेदाराची.