शाळा–शास्त्रज्ञ दूरसंवाद

शाळेतील मुले आणि प्रत्यक्ष संशोधन करणारे शास्त्रज्ञ यांना इंटरनेट, उपग्रह किंवा रेडिओच्या जाळ्यातून जोडून देण्याची पद्धत; इथे ती मुख्यतः नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात. पडद्यावर तज्ज्ञाचे भाषण दाखवणे हा तिचा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा प्रकार: मुले टाळ्या वाजवून घरी जातात. मुलांचा प्रश्न किंवा मुलांनी घेतलेली नोंद तिकडे पोहोचली आणि तिकडून काही परत आले, तरच संवाद म्हणायचा.

महाराष्ट्रात हे काम आधी पोस्टकार्डाने केले. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली सही येई.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील अंतराळवीरांशी शाळांनी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोक चालवतात त्या बिनतारी संचावर, बोलण्याचा उपक्रम २००० सालापासून चालू आहे. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. म्हणून मुले आधीच रांगेत उभी असतात आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी ‘ओव्हर’ (माझे झाले, आता तुम्ही बोला) म्हणतात. ब्रिटनमध्ये २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या एका उपक्रमात सगळे बोलणे टंकलिखित असते आणि सुरुवातीच्या काळात मुले मत देऊन शास्त्रज्ञांना एकेक करून बाद करत. वर्गात तोंड न उघडणारी मुलेही तिथे बिनधास्त विचारतात. लघुग्रह शोधण्याच्या मोहिमेत तर शाळांच्या हाती दुर्बिणीची ताजी छायाचित्रेच येतात. आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रे एकामागून एक चाळली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरळ रेषेत सरकतो. कॅमेऱ्यातला दोषही ठिपक्यासारखाच दिसतो, पण तो असा शिस्तीत चालत नाही.

नाशिक जिल्ह्याला सर्वांत जुळेल असा नमुना मात्र ‘ग्लोब’ या अमेरिकेत १९९४ साली जाहीर झालेल्या कार्यक्रमाचा. त्यात मुले पाऊस, तापमान, ढग यांची मोजमापे ठरलेल्या रीतीने घेतात आणि ती जगभरच्या संशोधकांना खुली असतात. इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात येवल्याकडे जेमतेम ५०० मिमी. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच सकाळी मोजलेले आकडे शेजारी ठेवले, तर सह्याद्रीची पर्जन्यछाया नकाशाविना समजते.

यात कसोटी लागते ती रविवारी. भारतीय हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. शाळा बंद असली की पर्जन्यमापक भरत राहतो आणि सोमवारी मोजलेले पाणी दोन दिवसांचे असते. तसे लिहिले तर नोंद उपयोगी. न लिहिता सोमवारच्या रकान्यात टाकली तर एका दिवसात ढगफुटी झाल्यासारखी दिसते. शून्याचेही तसेच. पाऊस नसेल तर ‘०’ लिहायचा. रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. मुलांनी घेतलेल्या आकड्यांवर शास्त्रज्ञ विश्वास ठेवतील की नाही, हे अशा बारीकसारीक गोष्टींवर ठरते.

शास्त्रज्ञ नेहमी लांबचेच हवेत असेही नाही. थंडीत वर्तमानपत्रांत येणारा निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो. धरणे आणि पाण्यावर काम करणारी ‘मेरी’ ही संस्था १९५९ पासून नाशिक शहरात दिंडोरी रस्त्यावर आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीतल्या पक्ष्यांच्या नोंदी ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कोणालाही करता येतात, हे ठिकाण महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. पुण्याच्या वाटेवर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे गेल्यावर पहिली सूचना मोबाइल बंद करण्याची, कारण फोनच्या लहरींचा दुर्बिणीला त्रास होतो.

अडचणींत रेंज आणि वीज यांचे नाव सर्वांत आधी निघते, भाषेचे उशिरा. सुरगाणा, पेठ भागातील पुष्कळ मुले घरी कोकणा बोलतात, शाळेत मराठी, आणि पडद्यावरचा पाहुणा इंग्रजीत सुरू होतो. अशा वेळी शिक्षक प्रश्न आधीच गोळा करून पाठवतात. मात्र इंग्रजीत घालताना ते नीटनेटके करण्याचा मोह होतो, आणि ‘दव गोठल्यावर द्राक्षाचा मणी का तडकतो?’ याचे ‘हवामानाचा पिकांवर परिणाम’ होऊन जाते. मग उत्तरही तसेच गुळमुळीत येते.